पायाचा फोटो काढण्याआधी

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी अम्मी शेजारच्या खालांकडून घरी आल्या, तेव्हा त्यांच्या एकाच पायात चप्पल होती. आम्ही विचारले, "अम्मी, दुसरी चप्पल कुठे राहिली?" त्यांनी खाली पाहिले आणि त्या स्वतःच चकित झाल्या. चप्पल गल्लीच्या तोंडाशी निसटून पडली होती. दिवसभर तापलेल्या सिमेंटच्या रस्त्यावरून त्या पन्नास-साठ पावले एका अनवाणी पायाने चालत आल्या होत्या आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

मुले हसली, अम्मीही हसल्या. आम्हीही हसून विषय सोडला असता. पण रात्री त्यांचे पाय चेपताना उजव्या अंगठ्याखाली एक काळा ठिपका दिसला. भोवती पांढरी, जाड कातडी झाली होती. दाबले तर आतून थोडा पू आला. अम्मी मात्र शांतपणे तसबीह ओढत होत्या. आम्ही तळव्याला काय करतो आहोत, हे त्यांना समजतच नव्हते.

अम्मींना अकरा वर्षांपासून मधुमेह आहे. आमच्या बीड जिल्ह्यात असे घर शोधावे लागत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे दहा कोटी लोकांना मधुमेह आहे. शुगर तपासायची, गोळी घ्यायची, चहात साखर टाकायची नाही, एवढे सगळ्यांना ठाऊक झाले आहे. पायाकडे बघायचे, हे मात्र आम्हालाही ठाऊक नव्हते. म्हणून आमच्या घरात घडलेले आणि त्यानंतर आम्ही डॉक्टरांकडून व वाचनातून जे शिकलो ते, वाचक बंधू-भगिनींसमोर ठेवत आहोत.

मणक्याचा फोटो आणि पायाचे दुखणे

चप्पल हरवण्याच्या आठ महिने आधीची गोष्ट. अम्मींच्या तळपायांची रात्री आग व्हायची. त्या पाय थंड फरशीवर टेकवून बसायच्या. कधी मुंग्या, कधी बधिरपणा. आपल्या घरांत अशा वेळी "पाँव सो गया" म्हणतात आणि पाय झटकून माणूस कामाला लागतो. पण हा पाय झोपला तो उठेचना. नात्यातल्या एका भाईंनी सांगितले, "मणक्यातली नस दबली आहे, एमआरआय करून टाका."

आम्ही अम्मींना घेऊन मोठ्या शहरात गेलो. खरे सांगायचे तर डॉक्टरांपेक्षा आम्हीच फोटोचा आग्रह धरला. हजारो रुपये गेले. दोन पानी रिपोर्ट आला. मणक्यातल्या गाद्या झिजल्या आहेत, एका ठिकाणी गादी थोडी बाहेर आली आहे, असे त्यात होते. आम्हाला वाटले, सापडला आजार! कमरेचा पट्टा आला, गोळ्या आल्या. आग तशीच राहिली.

पुढे कळले, की साठीच्या माणसाच्या मणक्याचा एमआरआय काढला तर झिजलेली गादी दिसतेच, मग त्याचे काही दुखत असो वा नसो. फोटो खोटा नव्हता. पण जे दुखत होते त्याचा तो फोटो नव्हता. त्या सगळ्या धावपळीत अम्मींच्या तळव्याला कोणी हात लावून पाहिला नव्हता. आम्हीही नाही.

दोरा, चिमटा आणि काटा

तळव्यातला पू पाहिल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही अंबाजोगाई गाठली. जुनी माणसे जिला अजून मोमिनाबाद म्हणतात, तेच हे गाव. १९७४ पासून येथे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्यामुळे गावात शिकलेल्या डॉक्टरांची वानवा नाही. आमच्या ओळखीतल्या एका फिजिशियन डॉक्टरांनी अम्मींना पलंगावर निजवले, मोजे-चप्पल काढायला लावली आणि दिव्याखाली दोन्ही तळवे पाहिले. मग त्यांनी खिशातून पेनासारखी एक वस्तू काढली. तिच्या टोकाला नायलॉनचा आखूड दोरा होता. तो टेकवून दाबला, की दहा ग्रॅम जोर पडताच वाकतो. अम्मींना डोळे मिटायला सांगून डॉक्टरांनी तो तळव्यावर ठिकठिकाणी टेकवला. "लागले की हो म्हणा, अम्माजी." खोली शांत होती. दोरा वाकत होता, सरळ होत होता आणि अम्मी गप्प होत्या. घोट्याजवळ आल्यावर त्या पहिल्यांदा "हो" म्हणाल्या.

मग लोखंडी चिमट्यासारखा एक काटा वाजवून तो अंगठ्याच्या हाडावर ठेवला. त्याची थरथर आम्हाला हातावर स्पष्ट जाणवली होती. अम्मींना अंगठ्यावर काहीच जाणवले नाही. डॉक्टर म्हणाले, "मधुमेहाने पायाच्या नसा बोथट झाल्या आहेत. हे समजायला मला एमआरआय लागत नाही. आता जखमेत काय आहे ते पाहू, त्यासाठी फोटो लागेल."

पहिला एक्स-रे काढला. हाड ठीक होते, पण जखमेत काही दिसले नाही. मग सोनोग्राफी केली आणि तिथे तो दिसला: बाभळीच्या काट्याचा सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा तुकडा. खिळा किंवा सुई असती तर एक्स-रेत चमकली असती. लाकूड आणि काटा एक्स-रेत सहसा दिसत नाहीत, सोनोग्राफीत दिसतात. आपल्या भागात, जिथे बांधाबांधावर बाभळी आहेत, ही गोष्ट प्रत्येक घराने लक्षात ठेवण्यासारखी आहे. तो काटा कधी रुतला होता, हे अम्मींना आजही सांगता येत नाही.

कोणत्या फोटोत काय दिसते?

आधी एका शब्दाचा घोटाळा दूर करू. आपण "नस" म्हणतो तेव्हा कधी रक्ताची शीर म्हणायची असते, कधी मज्जातंतू. पायावर निळ्या-फुगीर दिसतात त्या शिरा. मुंग्या, आग, बधिरपणा हे काम मज्जातंतूंचे. रक्तवाहिन्यांसाठी डॉप्लर नावाची तपासणी असते. ती चांगली आली म्हणजे मज्जातंतू चांगले आहेत असे होत नाही. अनेक घरांत "नसांची तपासणी झाली, सगळे नॉर्मल आहे" म्हणतात, तेव्हा तपासलेल्या असतात रक्तवाहिन्या.

एक्स-रे. १८९५ मध्ये राँटजेन यांनी या किरणांचा शोध लावला आणि पत्नीच्या हाताचा फोटो काढला. त्यात हाडे दिसली, बोटातली अंगठी दिसली. मज्जातंतू दिसला नाही, आणि आजही एक्स-रेत तो दिसत नाही. मात्र पायाचे हाड मोडले आहे का, सरकले आहे का, जुन्या जखमेखाली ते कुजू लागले आहे का, हे पाहायला एक्स-रे स्वस्त आणि उपयोगी आहे. हाडातला जंतुसंसर्ग पहिल्या दोन आठवड्यांत एक्स-रेत बहुधा दिसत नाही, म्हणून डॉक्टर पुन्हा फोटो काढायला सांगतात. ती लूट समजू नये.

सोनोग्राफी. हातापायांचे मज्जातंतू सोनोग्राफीत कसे दिसतात, याचे वर्णन १९८८ मध्ये डॉ. ब्रुनो फोर्नाज यांनी प्रसिद्ध केले. कातडीजवळच्या भागांसाठी वेगळा, जास्त कंपनसंख्येचा प्रोब लागतो. त्याने मज्जातंतू आडवा पाहिला, तर मधाच्या पोळ्यासारखा दिसतो: काळे ठिपके आणि त्यांच्याभोवती पांढऱ्या कडा. तो सुजला, की पोळे जाड होते आणि ठिपके पुसट होतात. डॉक्टर प्रोब सरकवत नसेच्या मागोमाग चालत जाऊ शकतात, डाव्या-उजव्या पायाची तुलना करू शकतात. या तपासणीत किरणांचा धोका नसतो. पण ती करणाऱ्याचा हात आणि डोळा सरावाचा हवा.

एमआरआय. यात मोठे चुंबक वापरतात, क्ष-किरण नसतात. खोलवरचे भाग, मणक्यातून निघणाऱ्या नसा, हाडाच्या आतली सूज हे त्यात चांगले दिसते. शरीरात पेसमेकर किंवा धातूची वस्तू असेल तर आधी सांगणे अत्यावश्यक आहे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर इंजेक्शन देण्यापूर्वी तेही सांगावे.

नर्व्ह कंडक्शन. हा फोटो नाही. मज्जातंतूला हलका विजेचा झटका देऊन तो संदेश किती वेगाने नेतो, ते मोजतात. मोठ्या तंतूंची स्थिती यात कळते. आग आणि चटका वाहणारे तंतू फार बारीक असतात, त्यांचा बिघाड या चाचणीत सुटू शकतो. म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला, तरी आग होते म्हणणाऱ्या बाईला "तुमच्या मनाचे खेळ आहेत" असे कोणी म्हणू नये.

यातले एकही यंत्र "या माणसाला स्पर्श कळतो का" हे दाखवत नाही. ते कळते दोऱ्याने, कापसाने, बोटाने आणि विचारण्याने. दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोजे घातल्यासारखा वर चढणारा बधिरपणा मधुमेही माणसात असेल, तर निदान बहुतेक वेळा हाताने आणि रक्ताच्या तपासणीनेच होते. रक्तात शुगरबरोबर व्हिटॅमिन बी-१२ आणि थायरॉईड पाहतात. आम्ही डॉक्टरांना म्हणालो, "आम्ही तर मटण खातो, बी-१२ कसे कमी होईल?" ते म्हणाले, मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ते कमी होऊ शकते, खाणे कसेही असो. मात्र म्हणून कोणी गोळी मनाने बंद करू नये. तपासून घ्यावे.

मग फोटो कधी हवाच?

जेव्हा त्रास एकाच पायाला किंवा एकाच जागी असतो, तेव्हा फोटोचे खरे काम सुरू होते.

तिसऱ्या आणि चौथ्या बोटांच्या मधे आग होते, चपलेत खडा अडकल्यासारखे वाटते, चप्पल काढली की बरे वाटते. हा बहुधा बोटांमधल्या नसेचा जाडपणा असतो. फिलाडेल्फियाचे डॉ. मॉर्टन यांनी १८७६ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. तो सोनोग्राफीत किंवा एमआरआयमध्ये दिसतो. अनेकांना फक्त पुढून रुंद चप्पल घातल्याने आराम पडतो.

आतल्या घोट्यामागे बोटाने टिचकी मारली, की तळव्यात करंट जातो. तेथे एका अरुंद बोगद्यातून मुख्य नस तळव्याकडे जाते. बोगद्यात गाठ आहे, फुगलेली शीर आहे की जुन्या मोडलेल्या हाडाचा दाब आहे, हे फोटोशिवाय कळत नाही.

पाऊल वर उचलत नाही, चालताना फरफटते, चप्पल निसटते. खुरपणीला, कांदा काढायला तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्या बायकांमध्ये गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबून असे होऊ शकते. मणक्यातली नस दबल्यानेही होते. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत, म्हणून येथे सोनोग्राफी, नर्व्ह कंडक्शन आणि गरज पडली तर मणक्याचा एमआरआय यांना अर्थ आहे. कमरेपासून पायात वीज उतरते, पाऊल लुळे पडते आणि त्यासोबत लघवीवरचा ताबा जातो किंवा बैठकीची जागा बधिर होते, तर मात्र एक दिवसही थांबू नये. त्या वेळी एमआरआय तातडीचा असतो.

सोनोग्राफी हा शब्द आणि आपला जिल्हा

बीडमध्ये सोनोग्राफी म्हटले, की लोक आवाज खाली आणतात. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. २०११ मध्ये त्या ८०७ राहिल्या. २०१२ मध्ये परळीच्या प्रकरणाने जिल्ह्याचे नाव देशभर गेले. गर्भलिंग तपासणीविरुद्ध कायदा १९९४ पासून आहे. तो कडक असलाच पाहिजे. प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंद करावी लागते आणि हलवता येणारी छोटी यंत्रे मनाला येईल तिथे नेता येत नाहीत. पायाची नस तपासणारे यंत्रही या नियमांतून सुटत नाही.

याचा एक परिणाम आम्ही पाहिला. पायासाठी सोनोग्राफी लिहून दिली, तेव्हा अम्मीच म्हणाल्या, "या वयात सोनोग्राफी? लोक काय म्हणतील!" आमच्या गल्लीतल्या एका भाभींच्या घरीही असेच झाले. त्यांच्या सासऱ्यांनी हा शब्द ऐकताच विरोध केला. म्हणून स्पष्ट लिहितो: या यंत्राने मुली मारल्या नाहीत, माणसांनी मारल्या. तेच यंत्र काटा शोधते, सुजलेली नस दाखवते, पाय वाचवते. पायाच्या सोनोग्राफीत लाजण्यासारखे काहीही नाही.

घोट्यामागची जाड दोरी

बधिर पायाचे आणखी एक कारण आपण तोंडावर आणत नाही: कुष्ठरोग. भारताने २००५ च्या अखेरीस तो दहा हजारांत एकापेक्षा कमी झाल्याचे जाहीर केले आणि लोकांना वाटले, संपला. पण देशात अजूनही दर वर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. कातडीवर फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर स्पर्श न कळणे, आणि कोपरामागे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला किंवा आतल्या घोट्यामागे दोरीसारखी जाड लागणारी नस, ही त्याची चिन्हे. डॉक्टर ती बोटाने चाचपतात. २००९ मध्ये हैदराबादच्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह दाखवले, की सोनोग्राफीत ही जाडी मोजता येते आणि डॉपलरने नसेतला वाढलेला रक्तप्रवाह, म्हणजे चालू असलेली सूज, दिसते. अशी सूज वेळीच कळली तर औषधाने नसेला वाचवता येते. कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, सहा ते बारा महिने घ्यावी लागतात आणि रोग बरा होतो. पहिल्या डोसानंतर थोड्याच दिवसांत तो दुसऱ्याला लागण्याची शक्यता जवळजवळ संपते. असे असताना लपवायचे कशाला?

बधिर पायाबद्दल जगाला शिकवले तेही याच रोगाने. तमिळनाडूत जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड १९४६ पासून वेल्लोरच्या रुग्णालयात काम करत होते. कुष्ठरोग्यांची बोटे रोगाने गळतात, असे तेव्हा सगळे मानत. ब्रँड यांनी रुग्णांना जवळून पाहिले तेव्हा ध्यानात आले, की वेदना कळत नसल्याने लोक तापलेले भांडे धरतात, खिळ्यावर चालतात, जखमेवरच पाय टाकत राहतात, आणि त्यातून बोटे जातात. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांना मधुमेहींच्या पायांतही तेच दिसले. आज मधुमेही पायासाठी दिली जाणारी मऊ चप्पल आणि प्लास्टर यांची बरीच विद्या कुष्ठरोग्यांच्या पायांकडून आली आहे. अम्मींना आम्ही हे सांगितले तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. लहानपणी गावाबाहेर बसणाऱ्या अशा लोकांना त्या लांबून भाकरी देत असत.

न दुखणारे गरम पाऊल

एका गोष्टीची आम्हाला सर्वांत जास्त धास्ती घातली गेली. मधुमेही माणसाचे एक पाऊल अचानक सुजले, लाल झाले, दुसऱ्यापेक्षा गरम लागते, पण फारसे दुखत नाही. घरचे म्हणतात मुरगळले असेल, चोळून द्या. चोळणे आणि चालणे दोन्ही येथे घातक ठरते. बधिर पायाची हाडे आतून ठिसूळ होऊन मोडू लागलेली असू शकतात. याला फ्रेंच डॉक्टर शार्को यांचे नाव आहे. त्यांनी १८६८ मध्ये, मधुमेहात नव्हे तर मज्जारज्जूच्या दुसऱ्या एका आजारात सांधे असे मोडताना पाहिले होते. सुरुवातीला एक्स-रे नॉर्मल असू शकतो. हाडातली सूज एमआरआयमध्ये आधी दिसते. या वेळी पाऊल प्लास्टरमध्ये बांधून त्यावरचा भार काढला तर ते वाचते. महिनाभर तसेच चालले तर तळव्याची कमान खाली बसते, पाय होडीच्या बुडासारखा होतो, तिथे जखम होते आणि शेवटी पाय कापण्याची वेळ येते.

आपल्या जिल्ह्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांमध्ये आपल्या समाजाचीही कुटुंबे आहेत. पहाटेच्या काळोखात, पाचटात, उसाच्या धारदार बुडख्यांवर पाय पडतो, डोक्यावर मोळी असते. उचल घेतलेली, खाडा झाला तर पैसे कापले जातात. "पाय सुजला, बसून राहा" हे फडातल्या माणसाला सांगणे सोपे नाही, हे आम्हाला कळते. म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे, की टोळी निघण्याआधी चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने शुगर आणि पाय तपासून घ्यावेत. ज्याचा पाय बधिर आहे, त्याने बंद बूट घ्यावेत. खोपीत रात्री दिव्याखाली पाय पाहणे फुकट आहे.

सहा बोटांची घरगुती तपासणी

इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये एक साधी तपासणी जगापुढे ठेवली. तिला काहीच लागत नाही.

माणसाला निजवा, पाय उघडे, डोळे बंद. त्याला सांगा: "मी उजव्या पायाला हात लावला की उजवा म्हणायचे, डाव्याला लावला की डावा." मग तुमच्या बोटाचे टोक त्याच्या पायाच्या अंगठ्याला, करंगळीला आणि मधल्या बोटाला अगदी हलके लावा, एक-दोन सेकंद. दाबू नका, टोचू नका, गुदगुली करू नका, पुन्हा पुन्हा लावू नका. दोन्ही पायांची मिळून सहा बोटे. सहांपैकी दोन किंवा जास्त बोटांवर कळले नाही, तर पायाची जाणीव कमी झाली आहे असे समजा आणि डॉक्टरांकडे जा.

आम्ही हे रविवारी सगळ्या घरात केले. अम्मींचा निकाल ठाऊक होता. पण आमच्या थोरल्या भाईजानना, ज्यांना शुगर आहे हेच माहीत नव्हते, तीन बोटांवर स्पर्श कळला नाही. दुसऱ्या दिवशी रक्त तपासले, शुगर भरपूर निघाली. ते आता औषधावर आहेत.

वुजूची पाच मिनिटे

आपण दिवसातून पाच वेळा पाय धुतो. बोटांच्या फटींत बोट फिरवून खिलाल करतो. डॉक्टर मधुमेहींना रोज पाय पाहायला सांगतात. आपल्याला नवी सवय लावायची गरज नाही, असलेल्या सवयीत डोळे मिसळायचे आहेत. खिलाल करताना फटीत भेग, ओलसर पांढरी कातडी, फोड आहे का ते पाहावे. तळवा दिसत नसेल तर आरसा ठेवावा किंवा नातवंडांना बघायला सांगावे. आमच्याकडे मगरीबच्या वुजूनंतर धाकटी नात दादीचे तळवे पाहते आणि मोठ्याने रिपोर्ट देते: "सब ठीक है, दादी!"

आणखी चार गोष्टी. धुतल्यानंतर फटी कोरड्या पुसाव्यात, ओल राहिली की बुरशी होते. थंडीत गरम पाण्यात बधिर पाय थेट घालू नये. आधी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी कोपर बुडवून पाहावे. मे महिन्यात मशिदीच्या तापलेल्या फरशीवर पाय भाजू शकतात, तेव्हा जाजमावरून चालावे. हज-उमऱ्याच्या सफरीत नवी चप्पल घेऊन निघू नये, महिनाभर आधी वापरून सैल करावी. घरातही चप्पल घालावी. अम्मी आता जानमाजपर्यंत मऊ चप्पल घालून जातात आणि तिथे काढतात. पट्टा मागून बांधलेला आहे, त्यामुळे ती निसटत नाही.

डॉक्टरांना काय विचारावे?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केले आहेत. तेव्हा पहिली पायरी जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र ठेवायला हरकत नाही. जाताना जुने रिपोर्ट, चालू गोळ्या आणि रोज वापरायची चप्पल सोबत न्यावी. चपलेचे झिजलेले तळ पाहूनही डॉक्टरांना बरेच कळते. कोणी फोटो लिहून दिला, तर अदबीने दोन प्रश्न विचारावेत: "साहेब, यात आपण काय शोधत आहोत? आणि ते सापडले किंवा नाही सापडले, तर उपचार बदलेल का?" चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. आणि फोटोची खरी गरज असेल, तर पैशासाठी तो टाळूही नये.

अम्मींची जखम भरायला सात आठवडे लागले. बधिरपणा गेला नाही, तो जाणार नाही असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. आग औषधाने कमी झाली. मणक्याचा तो महागडा फोटो कपाटात पडून आहे. अल्लाहच्या कृपेने अम्मींचे दोन्ही पाय शाबूत आहेत आणि त्या रोज खालांकडे जाऊन येतात. आल्यावर आम्ही पहिल्यांदा त्यांच्या पायांकडे बघतो. त्याही बघतात.

आज रात्री तुमच्या घरातल्या थोरांचे पाय चेपायला बसाल, तेव्हा दिवा थोडा जवळ घ्या.